रेसच्या किश्श्यांतली खोगीरभरती

लावणी, पोवाडा, ओवी, भारूड, उखाणा, म्हण यांची चिकित्सा मराठीत भरपूर झाली. तोंडी चालणाऱ्या गद्याच्या वाट्याला मात्र ती फारशी आली नाही. पहिलवानांचे किस्से, नाटकवाल्यांचे किस्से, क्रिकेटचे किस्से आपण ऐकतो, हसतो आणि पुढे ढकलतो. रेसच्या शौकिनांचा किस्सा हा याच जातीचा. दोन-चार वाक्ये, एक नाव, एक आकडा, एवढ्यावर तो उभा असतो. अमक्या घोड्याचे काळीज दहा किलोचे भरले. तमक्या महाराजांनी अठ्ठावीस हजार गिनी मोजून शिंगरू घेतले. रेसकोर्सच्या कठड्याशी, शर्यतीच्या दिवशीच्या मुंबई-पुणे गाडीत, चहाच्या टपरीवर आणि आता मोबाइलवर हा माल फिरतो. ऐकणारा ‘वा!’ म्हणतो आणि स्वतःजवळचा एक किस्सा सांगून परतफेड करतो. परतफेड झाली की तो मंडळीत सामील झाला.

या लेखात अशा काही किश्श्यांची तपासणी केली आहे. मी घोड्यावर कधी बसलो नाही, आणि घोड्यावर पैसेही लावलेले नाहीत. जुनी कात्रणे, संस्थानांचे इतिहास, इंग्रजी शर्यतग्रंथ आणि लोकांच्या तोंडून ऐकलेले, एवढीच माझी शिदोरी.

कळमनुरीत बसून रेसवर कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. आमच्या भागात रेसकोर्स नाही हे खरे. पण १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होतो. आमची राजधानी हैदराबाद, आणि हैदराबादेत मलकपेठेचे रेसकोर्स. शेजारच्या हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणजे घोडदळ, पागा, मोतद्दार, चंदी, खरारा हे शब्द इथल्या बाजारपेठेला परके नव्हते. नांदेडच्या पलीकडे लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची जत्रा आहे, तिथे आजही घोड्यांचा बाजार भरतो. त्यामुळे इथला माणूस रेसकोर्सवर गेलेला नसला, तरी रेसचा किस्सा त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. किंबहुना ज्याने शर्यत पाहिलेली नाही, त्याच्याजवळच किस्से जास्त सापडतात.

माळेगावच्या बाजारात दोन प्रकारचे ज्ञान एकाच वेळी चालू असते. एक खुणांचे. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याणी, तो शुभ. गळ्यावरचा भोवरा देवमण, तोही शुभ. एकच पाय पांढरा असला की खोट. अमका भोवरा धन्याला लाभतो, तमका भोवरा धन्याला खातो. दुसरे ज्ञान दातांचे. गिऱ्हाईक घोड्याचा ओठ वर करतो, दात पाहतो आणि वय ठरवतो. मग खूर उचलून बघतो, चार पावले चालवतो, पळवून धाप किती लागते ते पाहतो. विकणारा खुणा बोलत असतो आणि घेणारा दात मोजत असतो. खुणांना किंमत नाही असे नाही, त्यांच्यामुळे भाव चढतो. पण घोडा किती वर्षे चालेल हे देवमण सांगत नाही.

रेसचा किस्सा हा खुणांच्या बाजूचा. शिवाय तो फुकट मिळतो. धर्माच्या गाईचे दात कोणी मोजत नाही.

सुरुवात घरच्या रेसकोर्सपासून करतो. हैदराबादच्या शर्यतींविषयी अशी माहिती फिरते की सहाव्या निजामांनी, म्हणजे मीर महबूब अली खान यांनी, १८६८ मध्ये मौला अली इथे शर्यती सुरू केल्या आणि १८८६ मध्ये त्या आपल्या महालाजवळ मलकपेठेला आणल्या. यात दोन साले आहेत, म्हणून माहिती भक्कम वाटते. पण महबूब अली खान यांचा जन्म ऑगस्ट १८६६ चा. १८६८ मध्ये ते जेमतेम दोन वर्षांचे होते, आणि गादीवर त्यांचे वडील अफजलउद्दौला होते. वडील फेब्रुवारी १८६९ मध्ये वारले, मग हे मूल निजाम झाले. कारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १८८४ मध्ये मिळाले. तेव्हा १८८६ ची गोष्ट वयाला शोभते, १८६८ ची शोभत नाही. मौला अलीला शर्यती झाल्या असतील, त्या कोणी तरी सुरू केल्या असतील. पण तो ‘कोणी तरी’ किश्श्याला चालत नाही. त्याला मुकुट लागतो, म्हणून नंतरच्या राजाचे नाव मागे सरकवले जाते.

असाच प्रकार मुंबईत. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ चे. त्याची जागा सर कुसरो वाडिया यांनी दान दिली आणि ते तेव्हा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे अध्यक्ष होते, हे वाक्य मी कितीतरी ठिकाणी वाचले आणि ऐकले. सर कुसरो यांचे वडील नवरोजी वाडिया यांचा जन्म १८४९ चा. म्हणजे १८८३ मध्ये वडीलच चौतीस वर्षांचे होते. मुलगा फार तर शाळेत जात असेल. आणि क्लबच्या नावातला ‘रॉयल’ हा शब्द १९३५ मध्ये आला, तेव्हा १८८३ मध्ये त्या नावाचा अध्यक्ष असण्याचा प्रश्नच येत नाही. सर कुसरो हे पुढच्या काळातले क्लबचे मोठे आधारस्तंभ होते, यात वाद नाही. किश्श्याने फक्त पन्नास वर्षांचा मधला काळ गिळला.

वजाबाकी केली की झाले, इतकी ही सोपी चूक आहे. पण तिचा परिणाम हलका नाही. महालक्ष्मीची जमीन ही मुंबईतल्या सर्वांत मोलाच्या जमिनींपैकी एक. ती राज्य सरकारची आणि महापालिकेची आहे, क्लबकडे ती भाडेपट्ट्याने होती. हा पट्टा २०१३ मध्ये संपला. त्यानंतर दहा वर्षे त्या मैदानाचे काय करायचे यावर वाद चालला आणि २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि उरलेले क्लबकडे, असा तोडगा निघाला. या सगळ्या वादात ‘जागा दान मिळालेली’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी वापरता येते. एक म्हणतो, दान मिळाले म्हणजे क्लबचे. दुसरा म्हणतो, दान दिले म्हणजे लोकांचे. कोणी, कोणाला, कधी, कोणत्या कागदाने, हे मात्र किश्श्यात नसते. सातबाऱ्याच्या एका ओळीसाठी आयुष्यभर तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

आता बडोदे. मराठी माणसाला सांगण्यासारखा रेसचा सर्वांत मोठा किस्सा बडोद्याचाच आहे, आणि तो पुष्कळसा खराही आहे. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनीला विकत घेतले. त्या वयाच्या जनावराला तोवर कोणी इतका भाव दिलेला नव्हता. कारण होते. त्याचा सख्खा भाऊ दांते याने त्याच वर्षी इंग्लिश डर्बी जिंकली होती. या शिंगराचे नाव ठेवले सयाजीराव. प्रतापसिंहरावांच्या आजोबांचे नाव काय होते हे वाचकांना सांगायला नको. १९४७ मध्ये सयाजीराव आयरिश डर्बी जिंकला आणि सप्टेंबरात डोंकास्टरची सेंट लेजर जिंकला, ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट त्याच्यावर होता. पुढच्या वर्षी महाराजांच्या माय बाबू या घोड्याने न्यूमार्केटची दोन हजार गिनीची मानाची शर्यत मारली, तेव्हा वर चार्ली स्मर्क होता.

किश्श्यात हे सगळे आटून ‘बडोद्याच्या महाराजांनी डर्बी मारली’ एवढे उरते. कोणती डर्बी? इथे तीन आहेत. मुंबईत इंडियन डर्बी पहिल्यांदा झाली १९४३ मध्ये, आणि ती बडोद्याच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. वर पुन्हा एडगर ब्रिटच. आयरिश डर्बी सयाजीरावने जिंकली. आणि एप्समची डर्बी, जिच्यावरून जगभरच्या डर्बींना नाव पडले, ती बडोद्याला कधी मिळाली नाही. १९४७ मध्ये एप्समला पर्ल डायव्हर पहिला, मिगोली दुसरा आणि सयाजीराव तिसरा आला. एप्समची डर्बी जिंकणारे संस्थानिक होते राजपीपळ्याचे महाराज विजयसिंहजी. १९३४ मध्ये त्यांच्या विंडसर लॅडने ती जिंकली, आणि तिथेही घोड्यावर तोच चार्ली स्मर्क होता. दोन महाराज, एक जॉकी, तीन डर्बी. गप्पांत यांची खिचडी होणे मी समजू शकतो. पण जो किस्सा अभिमानाने सांगायचा, त्यात तिसरा आलेला घोडा पहिला आणला तर अभिमान कशाचा उरला? सयाजीरावचे खरे कर्तृत्व सेंट लेजरमध्ये आहे. ती एप्समहून लांब पल्ल्याची, दमाची शर्यत. पण ‘लेजर’ या शब्दाला आपल्याकडे वजन नाही, ‘डर्बी’ला आहे.

आकड्याचेही तेच. २८,००० गिनी म्हटले की मान डोलते, पण गिनी म्हणजे किती? पौंडाचे वीस शिलिंग, गिनीचे एकवीस. म्हणजे २९,४०० पौंड. त्या काळी रुपयाचा भाव दीड शिलिंग, म्हणजे पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. हिशेब बरोबर ३,९२,००० रुपये येतो. आता त्याच बडोद्याचा दुसरा एक आकडा शेजारी ठेवा. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, अशी शिष्यवृत्ती दिली. छत्तीस महिन्यांचे ४१४ पौंड. सयाजीराव नावाच्या शिंगराच्या किमतीत अशा एकाहत्तर शिष्यवृत्त्या बसतात. मध्ये बत्तीस वर्षे आणि दोन महायुद्धे गेली, पैशाचे मोल उतरले, तेव्हा तुलना अगदी सरळ नाही. एकाहत्तरच्या जागी तीस-पस्तीस धरा. तरीही आजोबा आणि नातू यांच्यातले अंतर त्यातून दिसते, आणि रेसच्या किश्श्यात ते कधीच येत नाही. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. राज्याच्या तिजोरीतून उचललेल्या मोठ्या रकमांवरून महाराजांचा आणि भारत सरकारचा बेबनाव झाला आणि १९५१ मध्ये सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली. घोड्यांचे पैसे नेमके कोणत्या खात्यातले हे मी इथे सांगत नाही. पण ‘कितीला घेतला’ हे सांगणाऱ्याने ‘कोणाच्या पैशाने’ हे निदान विचारायला हवे.

नावांकडेही जरा पाहू. किश्श्यात मालकाचे नाव पदवीसकट येते: हिज हायनेस, सर, राजेसाहेब. ट्रेनरचे आडनाव आदराने येते. घोड्याचे नाव तर सर्वांत ठळक. जॉकी गोरा असला तर त्याचे पूर्ण नाव, देशी असला तर घरातल्यासारखे: पांडू खाडे, शामू चव्हाण. ज्यांच्या हातात लगाम होता, त्यांना शौकिनांनी प्रेमाने का होईना, पांडू आणि शामूच ठेवले. पुढच्या काळात हे बदलले. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली, त्यांचे नाव आज कोणी अर्धे घेत नाही. पण मोतद्दाराला अजून नाव नाही. पहाटे चारला उठून खरारा करणारा, चंदी भिजवणारा, पायाला हात लावून ताप ओळखणारा, शर्यतीआधी घोड्याला गोल फिरवणारा माणूस छायाचित्रात असतो, लगाम धरून, कडेला. खालच्या ओळीत त्याच्याशिवाय सगळ्यांची नावे असतात. शिवकाळात स्वतःच्या घोड्यावर लढणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, असा भेद होता. निदान बारगिरालाही नाव होते. रेसच्या स्मरणात मोतद्दाराला बारगिराइतकीही जागा नाही. मुंबई-पुण्याच्या तबेल्यांत या कामावर महाराष्ट्राच्या खेड्यांतली किती माणसे खपली, याचा एकही किस्सा मला सापडलेला नाही, आणि शौकिनांच्या या परंपरेवर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

आता काळजाची गोष्ट. ‘मोठ्या घोड्याचे काळीज मोठे’ हा जगभर चालणारा किस्सा. ऑस्ट्रेलियाचा लाडका फार लॅप १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अचानक मेला. त्याचे काळीज कॅनबेराच्या संग्रहालयात, कातडे मेलबर्नला, सांगाडा न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला. काळीज सहा किलोंच्या वर, साधारण घोड्याच्या दीडपटीहून जास्त. ते काचेच्या बरणीत आहे, पाहता येते. त्याच्या खरेपणावर शंका घेणारे आहेत, पण शंका घ्यायला निदान वस्तू तरी आहे. अमेरिकेच्या सेक्रेटेरिएटची कथा निराळी. १९७३ ची बेलमाँटची शर्यत त्याने एकतीस लांबींनी जिंकली, दीड मैल दोन मिनिटे चोवीस सेकंदांत. १९८९ मध्ये तो गेला. त्याचे काळीज बावीस पौंडांचे, म्हणजे दहा किलोंचे होते, हे शौकीन डोळे मिटून सांगतात. पण ते काळीज तोललेच गेले नाही. शवविच्छेदन करणारे पशुवैद्य डॉ. थॉमस स्वर्झेक यांनी ते पाहिले, थक्क झाले, पण वजन केले नाही. चार वर्षांनी शॅम नावाचा घोडा मेला, त्याचे काळीज त्यांनी तोलले, ते अठरा पौंड भरले. त्या मानाने सेक्रेटेरिएटचे बावीस असावे, असा त्यांनी अंदाज केला. अंदाजाचा आकडा झाला आणि आकड्याचे सत्य झाले.

हा शॅम कोण? १९७३ मध्ये केंटकी डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये सेक्रेटेरिएटच्या मागे दुसरा आलेला आणि बेलमाँटला शेवटचा आलेला घोडा. तराजूवर चढलेले काळीज हरलेल्याचे आहे. मला विचाराल तर हा किस्सा मूळ किश्श्यापेक्षा दसपट चांगला. पण तो कोणी सांगत नाही, कारण तो सांगितला की मोठ्या काळजाचा सिद्धांतच लंगडा होतो.

अशीच एक शब्दाची कथा. १९१९ मध्ये साराटोगाला मॅन ओ’ वॉर हा अजिंक्य घोडा अपसेट नावाच्या घोड्याकडून हरला, तेव्हापासून अनपेक्षित निकालाला ‘अपसेट’ म्हणू लागले. शर्यत खरी, नाव खरे, व्युत्पत्ती खोटी. हा शब्द त्याच अर्थाने १८७७ च्या न्यूयॉर्कमधल्या वर्तमानपत्रात सापडतो. आपल्याकडे लोकव्युत्पत्तीची हौस कमी नाही, म्हणून याला फार हसू नये.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. शर्यतीतली माहिती कधी एकटी नसते, ती नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते: किती अंतर, पाठीवर किती वजन, जमीन कोरडी की ओली, समोर कोण, आणि किती धावांपैकी किती. यातले काहीही गळले की उरते ती खोगीरभरती. अठराव्या शतकातल्या एक्लिप्सविषयीचे प्रसिद्ध वाक्य घ्या: एक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत. आपण ते कौतुक म्हणून ऐकतो. मुळात ती डेनिस ओ’केली या जुगाऱ्याने १७६९ मध्ये एप्समला लावलेली पैज होती. सगळ्या घोड्यांचे क्रम सांगतो म्हणाला, आणि हे सांगितले. त्या काळच्या नियमाने विजेत्याच्या २४० यार्डांहून मागे पडलेला घोडा क्रमांकातच धरत नसत, त्याचा निकाल ‘कुठेच नाही’. म्हणजे ते कवित्व नव्हते, नियमाचा काटेकोर वापर होता. शिवाय एक्लिप्सच्या अठरा विजयांपैकी बऱ्याच शर्यतींत समोर कोणी उतरलेच नाही, तो एकटा चालत गेला. अठरापैकी अठरा हे खरेच. पण हंगेरीच्या किंचेम या घोडीचे चोपन्नपैकी चोपन्न शेजारी ठेवताना एवढे तरी सांगावे.

ज्यांना ही बारीक कीस काढल्यासारखी वाटेल, त्यांनी आमच्याकडच्या शंकरपटावर यावे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीने पट थांबले होते. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, आणि मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदा टिकला, तेव्हापासून पुन्हा भरू लागले. पटात बैलजोडीची धाव सेकंदांत मोजतात, पॉइंटात. कोणी पोरगा म्हणाला की अमक्याच्या जोडीने इतक्या सेकंदांत पट मारला, की जुना माणूस लगेच विचारतो, पट किती फुटांचा? चढाचा की सपाट? कितवी धाव, दम घेतलेली जोडी होती की लागोपाठची? हे विचारायला त्याला कोणी शिकवलेले नाही. त्याने बैल पाळलेले आहेत. सेक्रेटेरिएटचे दोन मिनिटे चोवीस सेकंद आणि महालक्ष्मीच्या डर्बीचा वेळ शेजारी ठेवून तावातावाने बोलणारा शौकीन हे विचारत नाही. बेलमाँटची धाव मातीवर, महालक्ष्मीची हिरवळीवर. बेलमाँटचे दीड मैल म्हणजे २४१४ मीटर, आपली डर्बी २४०० मीटर. शिवाय अमेरिकेत घोडे फाटकातून सुटून थोडे धावल्यावर घड्याळ सुरू होते.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. हे सारे निरुपद्रवी मनोरंजन असते तर दिवाळी अंकाची इतकी पाने मी घेतली नसती. पण रेसच्या किश्श्यांचा सगळ्यांत मोठा किस्सा हा आहे: ‘रेस म्हणजे जुगार नव्हे, सुप्रीम कोर्टानेच सांगितले.’ आमच्या गावात एकही रेसकोर्स न पाहिलेला पंचविशीतला मुलगा हे वाक्य बोलतो, आणि मोबाइलवर पैसे लावतो. त्याच्या हातात घोड्यांची वंशावळ, काळजाचे वजन, महाराजांचे भाव असे शंभर किस्से आहेत, आणि यालाच तो अभ्यास म्हणतो.

निकाल खरा आहे. १२ जानेवारी १९९६, मद्रास रेस क्लबशी संबंधित डॉ. के. आर. लक्ष्मणन यांचा खटला. न्यायालयाने म्हटले की घोड्यांच्या शर्यतीत नशिबापेक्षा कौशल्याचा भाग मोठा आहे: घोड्याचे बळ, त्याची तयारी, जॉकीचे कसब. म्हणून त्या कायद्यांच्या अर्थाने ती जुगारात मोडत नाही. यात दोन गोष्टी गळल्या की किस्सा तयार होतो. पहिली, न्यायालयाने कायद्याच्या व्याख्येचा प्रश्न सोडवला. पैसे लावणाऱ्याला नफा होईल असे कुठे म्हटलेले नाही. दुसरी, कौशल्य कोणाचे? घोडा तयार करणाऱ्याचे, चालवणाऱ्याचे, आणि शर्यतीचे कागद खरोखर वाचता येणाऱ्याचे. वजन, अंतर, जमीन, मागच्या धावा आणि त्या धावांतले प्रतिस्पर्धी, हे दात झाले. फार लॅपचे काळीज हा देवमण. देवमण पाहून पैसे लावणाऱ्याला कोर्टाच्या निकालाचा आधार नाही.

आणि दात पाहूनही हिशेब सोपा नाही. हँडिकॅपच्या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात, हेतू असा की सगळे एका रेषेत यावेत. म्हणजे ज्ञानाचा फायदा कमी व्हावा अशीच मांडणी. टोटवर लावलेले सगळे पैसे एका ढिगात जातात, त्यातून आधी क्लबचा आणि सरकारचा वाटा काढतात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. समजा शंभर जणांनी शंभर-शंभर रुपये लावले आणि ढिगातून वीस टक्के काढले, तर दहा हजारांचे आठ हजार परत आले. सगळे शंभरही जण पंडित असले तरी आठच हजार. हे साधे गणित एकाही किश्श्यात येत नाही. किस्से सगळे जिंकलेल्यांचे. ज्याने दोन एकर कोरडवाहू विकली त्याचा किस्सा त्याच्या घरी असतो, आणि घरचे तो सांगत नाहीत.

शौकिनांवर मी फारच तुटून पडलो असे वाटेल. तसे नाही. त्यांनी न जपलेली माहिती बहुधा दुसऱ्या कोणीच जपली नसती, आणि त्यांतला एखादा किस्सा असा भेटतो की त्याचे दात पाहावेत तितके चांगले निघतात. टोटच्या यंत्राचाच घ्या. ऑस्ट्रेलियातले अभियंते जॉर्ज ज्युलियस यांनी मते मोजण्याचे यंत्र रचले होते, निवडणुकीसाठी. सरकारने ते घेतले नाही. तेव्हा त्यांनी तेच यंत्र रेसकोर्सवर पैज मोजायला बदलून घेतले आणि १९१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर ते पहिल्यांदा चालले. दोरे, चाके, वजने यांनी भरलेली ती एक खोलीएवढी वस्तू होती. प्रत्येक खिडकीवर विकले गेलेले तिकीट ती एकाच वेळी प्रत्येक घोड्याच्या नावावर आणि एकूण बेरजेत चढवत असे, जसा मतदाराचा शिक्का उमेदवाराच्या खात्यावर आणि एकूण मतदानात चढतो. या किश्श्यात मुकुट नाही, काळीज नाही. पण तो ऐकल्यावर टोट कसा चालतो ते कळते: भाव घोडा ठरवत नाही, बुकी ठरवत नाही, खिडकीसमोरची गर्दी ठरवते.

तो पंचविशीतला मुलगा मला परवा भेटला तेव्हा हा किस्सा मी त्याला सांगितला. त्याला आवडला. त्याने विचारले, मग त्या यंत्रात सरकारचा वाटा कुठून काढायचे?